सुरणाचा पहिला घास

सगुणाबाई जिना चढून वर आल्या, तेव्हा खाजगी गुप्तहेर कृष्णाजी लाड एका उकडलेल्या बटाट्याकडे तुच्छतेने पाहत होता.

बटाट्याचा दोष एवढाच, की तो जमिनीखाली वाढला होता. जमिनीखाली वाढणाऱ्या सगळ्याच गोष्टींबद्दल कृष्णाजीचं मत वाईट होतं. जमिनीवर वाढणाऱ्यांबद्दलही ते फारसं चांगलं नव्हतं. पण त्या निदान समोर तरी दिसत.

चिकपेटेत बटणांच्या दुकानावर त्याची खोली होती. लाडांचं घराणं बेंगळुरात चार पिढ्या मुरलेलं. कृष्णाजीचा स्वभाव त्याहूनही जुना होता. समोरच्या खुर्चीत पद्माकर बेहेरे बसला होता. तो विमानांच्या कारखान्यात नकाशे काढी आणि दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आला होता. कागदावर पद्माकर अगदी सरळ रेघ मारत असे. डोक्यात मात्र ती कुठेतरी वळे आणि परत येत नसे. बटाटा त्याच्याच डब्यातला होता.

"कृष्णाजी अण्णा, मी विष घातलं म्हणतात," सगुणाबाई दारातूनच म्हणाल्या.

"कुणाला?"

"वासुदेवरावांना."

"मेले?"

"नाही."

"मग तक्रार नेमकी कुणाची आहे?"

सगुणाबाई खाली बसल्या. बसवनगुडीतल्या मराठी मंडळाच्या स्वयंपाकघरात त्या अकरा वर्षं रांधत होत्या. नवरा गेल्यावर मंडळाने त्यांना चूल दिली, चुलीमागची खोली दिली आणि तेव्हापासून त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटणं थांबवलं नव्हतं.

"काल मंडळात कंदमुळांचा कार्यक्रम होता," त्या सांगू लागल्या. "धान्य कमी आहे, कंदमुळं खा म्हणून सरकार सांगतंय ना? तसला. वासुदेवरावांचं व्याख्यान आणि मग माझ्या हातचं प्रात्यक्षिक."

वासुदेवराव कोण हे बेंगळुरातल्या मराठी माणसाला सांगावं लागत नसे, कारण ते स्वतःच सांगत. पोस्टखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना कंदमुळांचा साक्षात्कार झाला होता. बद्धकोष्ठता, विस्मरण, तरुणांचा उद्धटपणा, या सगळ्यांवर त्यांच्याकडे एकेक कंद होता. लोक ऐकून घेत. ऐकून घेतल्याशिवाय ते जागेवरून उठत नसत.

"आधी रताळी ठरली होती," सगुणाबाई म्हणाल्या. "मग बैठकीत मालनबाई उठल्या. रताळी काय कोणीही उकडेल, म्हणाल्या. सुरण करा. वासुदेवरावच तर प्रत्येक व्याख्यानात सांगतात, सुरण कंदांचा राजा. तर पहिला घास त्यांनीच सगळ्यांसमोर खाऊन दाखवावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"आणि वासुदेवराव?"

"पाणी प्याले."

"मी होतो की काल!" पद्माकर मध्येच म्हणाला. मंडळात जेवण असलं की पद्माकरची मराठी अस्मिता जागी होत असे. "मी डोळ्यांनी पाहिलं. भाषण संपलं. ते जरा आत जाऊन आले. मग पाटावर बसले. सगुणाबाईंनी पातेल्यातून थेट त्यांच्या पानात वाढलं. भाजी काय सुरेख होती! वरून ओलं खोबरं, कढीपत्ता. मीठ जरा कमी होतं, पण एकूण छान. त्यांनी चमचा उचलून तोंडाशी नेला, आणि जी किंकाळी फोडली! उपरणं तोंडाला लावलं, थुंकले आणि आडवे झाले. ओठ लालभडक. जीभ तर ही एवढी. डॉक्टर म्हणाले, नाटक नाही, खरीच सूज आहे."

कृष्णाजीने पद्माकरकडे क्षणभर पाहिलं. पद्माकरने बटाटा खाल्ला.

"बाकी कोणी खाल्लं?" कृष्णाजीने विचारलं.

"कोण खातंय!" सगुणाबाई म्हणाल्या. "चिटणीस पेंडश्यांनी परसात खड्डा करून पातेलंभर भाजी पुरायला लावली. गणपतीच्या नैवेद्याची वाटीसुद्धा."

"म्हणजे सुरण आला त्याच वाटेने परत गेला. गणपतीची काही तक्रार?"

"अण्णा!"

"तुम्ही स्वतः चाखली होती?"

"अय्यो! नैवेद्य दाखवायच्या आधी? आणि वाढेपर्यंत तर बोंबच झाली."

"म्हणजे अख्ख्या मंडळात भाजी कशी होती हे कुणालाच माहीत नाही."

"नाही ना. तेच तर." सगुणाबाईंनी पदर बोटाला गुंडाळला. "आज दिवेलागणीला सभा आहे. मला काढायचा ठराव आहे. अण्णा, खोली गेली तर दुसरी बघीन. पण हिच्या हातचं खाऊन माणूस आडवा होतो असं एकदा मंडळाने म्हटलं, की या गावात मला कोण चुलीपाशी उभं करील? मला दुसरं काही येत नाही."

कृष्णाजी उठला आणि त्याने टोपी घातली.

"घेता का हे काम, अण्णा?"

"मला वासुदेवराव आवडत नाहीत," कृष्णाजी म्हणाला. "तेवढं कारण पुरे."

*

मंडळाच्या सभागृहात अजून कालचं टेबल तसंच मांडलेलं होतं. त्यावर सुरण, रताळी, कोनफळ, कणंग आणि बरणीत ताकात घातलेली मागळीची मुळं. प्रत्येकापुढे वासुदेवरावांच्या हस्ताक्षरातली पाटी होती. पद्माकरने भक्तिभावाने वाचलं, "सुरण: मूळव्याध. कोनफळ: अशक्तपणा. रताळे: तेज. मागळी: रक्तशुद्धी. कणंग: इतर सर्व."

"काल एवढंच मांडलं होतं?" कृष्णाजीने विचारलं.

"एवढंच. मी स्वतः मांडलंय, कोणी हातही लावलेला नाही," मालनबाई पेंडसे म्हणाल्या. त्या चिटणिसांच्या पत्नी होत्या. बेंगळुरात येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, आणि बेंगळूर अजून सुधारलं नाही याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं.

"सुरण निवडलात तुम्ही?"

"ऑफ कोर्स. आणि हे पाहा मिस्टर लाड, मी फ्रँकली सांगते. सगुणाबाईंनी फोडी चिंचेच्या पाण्यात घातल्या होत्या. चिंच! आमच्याकडे सुरणाला आमसूलच लागतं. मी ते पाणी ओतून दिलं आणि माझी घरची आमसुलं घातली. घसा खाजू नये म्हणूनच."

"त्यांना विचारून?"

"चांगली गोष्ट विचारून करायची नसते."

"आमसुलं जुनी होती?"

"माझी?" मालनबाईंनी असा चेहरा केला की आमसूलही त्यापुढे गोड लागलं असतं.

"हे स्वयंपाकघर तुमच्या महिला विभागाला हवं आहे, असं कानावर आलं."

"हवं आहे. उघड मागितलंय. त्यासाठी मी माणसं मारीन असं वाटतं का तुम्हाला?"

"छे," कृष्णाजी म्हणाला. "मेलेल्या माणसाला चुका कशा दाखवणार?"

बाहेर आल्यावर पद्माकर कुजबुजला, "तीच! आमसूल कमी पडलं. सुरणाला आंबट कमी पडलं की घसा धरतो. माझी आई सांगायची."

"तुझ्या आईला बरंच कळायचं," कृष्णाजी म्हणाला. "ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही, हा तिचा दोष नाही."

*

सिटी मार्केटात हंबीरराव जगतापांचा कंदांचा गाळा होता. आजूबाजूला टोपल्यांचे डोंगर, मध्ये हंबीरराव. त्यांच्यात आणि मालात फरक एवढाच, की हंबीररावांना मिशा होत्या.

"माझा सुरण रानटी म्हणतात?" ते ओरडले. "तीस वर्षं सुवर्णगड्डे विकतोय मी! कानडी गिऱ्हाईक मागतंय, तमिळ मागतंय, कुणाचा घसा धरला नाही. तो म्हातारा काय, माझ्याशी आधीपासूनच वाकडा."

"कशावरून?"

"परवा स्वतः आला होता इथं. म्हणतो, हंबीरराव, सुरण पाठवू नका, रताळी पाठवा. सुरणाचा ऋतू नाही. मी म्हटलं, हा ढीग काय मग, दगडांचा? पेंडश्यांनी सुरण सांगितलंय, सुरण येणार. तर चिडला. स्वल्प वेळ उभा राहून माझ्या मालाला नावं ठेवली. आणि जाताना दोन अळकुड्या उचलल्या."

"दोनच?"

"दोनच! व्याख्यानाला नमुना मांडायचाय म्हणाला. फुकट नेतात ते नेतात, वर नमुना म्हणतात."

"मोठ्या होत्या?"

"कसल्या मोठ्या! माझ्या अंगठ्याएवढ्या."

कृष्णाजीने ढिगातला एक सुरण बुटाच्या टोकाने हलवला. "असाच एक संध्याकाळी मंडळात पाठवा. कालच्याच ढिगातला. सगुणाबाईंना सांगा, काल केली तशीच भाजी करायची. मालनबाईंच्या आमसुलांसकट."

"सरी, पाठवतो," हंबीरराव म्हणाले. "पण खाणार कोण?"

*

वासुदेवराव घरी पलंगावर लोडाला टेकून बसले होते. गळ्याभोवती मफलर, मांडीवर शाळकरी पाटी. जीभ सुजल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. घरात कालपासून इतकी शांतता होती, की शेजाऱ्यांनी काळजीने चौकशी केली होती.

"काय झालं, वासुदेवराव?" कृष्णाजीने विचारलं.

त्यांनी पाटीवर लिहिलं: 'विष.' खाली दोन रेघा मारल्या.

"कुणी घातलं?"

'सगुणा.'

"कशासाठी?"

वासुदेवरावांनी डोळे मिटले. अशा क्षुद्र तपशिलात त्यांना रस नसावा.

कृष्णाजी मागीलदारी गेला. लक्ष्मीदेवी दगडावर एक पांढरं उपरणं धूत होत्या. पोस्टखात्यात जन्म काढलेल्या माणसाची बायको म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर एक समजूत होती: यायचं ते येतंच, उशिरा येतं इतकंच.

"तीन पाणी काढली," त्या म्हणाल्या, "मेला डाग हलत नाही."

डाग तपकिरी-तांबडा होता, मुठीएवढा.

"रक्त!" पद्माकर दचकून म्हणाला.

"थंड पाण्यात भिजवलं होतंत, अक्का?" कृष्णाजीने विचारलं.

"काल रात्रीपासून."

दारातून दिसणाऱ्या देवघराच्या कोनाड्यात तांब्याचा बंद गडू होता, लाखेने तोंड झाकलेला. कृष्णाजीने त्याच्याकडे मान वळवली. "गंगा? काशी झालेली दिसते."

"झाली की. तीन वर्षं झाली." लक्ष्मीदेवींनी उपरणं पिळलं. "तिथं जाऊन काहीतरी सोडायचं असतं ना. आवडीचं. मी रामफळ सोडलं. अजून बाजारात दिसलं की जीव कासावीस होतो. आणि यांनी? यांनी भाजी सोडली. कोणती, तर जी उभ्या जन्मात कधी जिभेवर ठेवली नव्हती ती! मी म्हटलं, अहो, त्या विश्वनाथाला एवढंही कळत नाही होय?"

"हुशार आहेत," पद्माकर म्हणाला.

"हुशार! हे हुशार, आणि भोगायचं मी." त्या थांबल्या. "नवऱ्याने सोडलेलं घरात कसं शिजवणार?"

"काल निघताना काही वेगळं वाटलं का तुम्हाला?"

"वेगळं म्हणजे? हं, पानाचा डबा घेऊन बसले होते. चाळीस वर्षं यांचा विडा मी लावते, यांना चुना कुठल्या बाजूला लावायचा हेही ठाऊक नाही. काल स्वतः लावला. आणि दार लावून. म्हटलं, हे काही खरं नाही."

आतून पाटीवर पेन्सिल आपटल्याचा आवाज आला. लक्ष्मीदेवी आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. "चहा हवाय म्हणे," त्या म्हणाल्या. "दोनदा अधोरेखित केलंय."

परतीच्या वाटेवर घोड्याच्या जटक्यात पद्माकर विचार करत होता. त्याचा आवाज होत असे.

"मालनबाई," तो म्हणाला. "नाहीतर हंबीरराव. नाहीतर दोघं मिळून. किंवा सगुणाबाईच, आणि आपल्याला बोलावलं ते संशय जावा म्हणून! काय?"

"चालू ठेव," कृष्णाजी म्हणाला. "तुझ्या डोक्यात येईल ते मी वगळत जातो. वेळ वाचतो."

कृष्णाजीने दिवसभरात जे जे पाहिलं आणि ऐकलं, ते सगळं पद्माकरनेही पाहिलं आणि ऐकलं होतं. त्याचा पद्माकरला काही उपयोग झाला नाही.

*

दिवेलागणीला सभागृह भरलं. मंडळाच्या वार्षिक सभेला जागा रिकाम्या राहत. पण एका बाईला काढायचं म्हटल्यावर सतरंज्या कमी पडल्या.

वासुदेवरावांना आरामखुर्चीत घालून आणलं होतं. मांडीवर पाटी होती. शेजारी लक्ष्मीदेवी. सगुणाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती, कोणी न सांगता, रिकामी जागा सुटली होती.

चिटणीस पेंडसे घसा खाकरून उठले. "ठराव असा, की सदर स्वयंपाकीण बाई..."

"बसा," कृष्णाजी म्हणाला.

पेंडसे बसले. ते सवयीने बसले. घरीही त्यांना हाच शब्द ऐकावा लागत असे.

"मंडळी," कृष्णाजी म्हणाला, "तुमच्यातल्या बऱ्याच जणांबद्दल मला काही म्हणायचं नाही. थोड्यांबद्दल आहे. बाकीच्यांनीही ते मनावर घ्यायला हरकत नाही. पहिला प्रश्न: कालची भाजी बाधणारी होती का? तुम्ही म्हणता, कोणी खाल्लीच नाही, कसं कळणार. खरं आहे. सगुणाबाईंनी नैवेद्याआधी चाखली नाही. तुम्ही पहिल्या घासाची वाट पाहत बसलात. मग ती पुरली. पण एका माणसाने ती खाल्ली होती."

कुजबुज झाली.

"पद्माकर, उठ. कालच्या भाजीत मीठ कसं होतं?"

"जरा कमी," पद्माकर उठून म्हणाला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलू लागला. रेघ प्रथमच शेवटपर्यंत पोचली होती.

"हे आज सकाळी तू मला आपणहून सांगितलंस. मीठ डोळ्यांना दिसत नाही. कधी खाल्लीस?"

"व्याख्यान... व्याख्यान फार लांबलं होतं," पद्माकर जमिनीकडे पाहत म्हणाला. "स्वयंपाकघरात कोणी नव्हतं."

"नैवेद्याच्या आधी!" एक म्हातारी किंचाळली.

"किती?"

"दोन वाट्या. लहान."

"खोबरं घातलं होतं त्यावर?"

"हो, तेच तर छान..."

"खोबरं शेवटी पडतं. म्हणजे मालनबाईंची आमसुलं पडून, भाजी पूर्ण होऊन उतरल्यावर याने दोन वाट्या चापल्या. घसा? याचा घसा कालपासून एक क्षणही थांबलेला नाही, मी साक्षीदार आहे. म्हणून हंबीररावांचा सुरण चांगला, मालनबाईंचं आमसूल चांगलं, सगुणाबाईंचा हात चांगला. त्याच पातेल्यातून, तुमच्या डोळ्यांदेखत, थेट पानात भाजी पडली. मध्ये कोणी काही घालायला जागाच नव्हती. तरी जीभ सुजली. तर मग ती कशाने सुजली?"

कृष्णाजी आरामखुर्चीपाशी जाऊन उभा राहिला.

"पातेल्यात नव्हतं, पानात नव्हतं. उरलं तोंड. ते आधीपासून तोंडात होतं."

वासुदेवरावांची पेन्सिल पाटीवर करकरली. 'मूर्खपणा.'

"असेल. ऐकून तर घ्या, तुम्हालाही कधीतरी पाळी हवी." कृष्णाजी लक्ष्मीदेवींकडे वळला. "उपरण्याचा डाग रक्ताचा असता तर रात्रभर थंड पाण्यात टिकला नसता. तो काताचा आहे. वासुदेवराव विडा थुंकले. आता मला सांगा, या सभागृहात कोण मराठी माणूस जेवायच्या आधी विडा खातो? पानावर बसण्याच्या आधी? आणि ज्याला चुन्याची बाजू ठाऊक नाही, तो चाळीस वर्षांत प्रथमच दार लावून स्वतः विडा का लावतो? बायकोने पाहू नये असं आत काही घालायचं असलं तर."

"काय घातलं?" मालनबाई पुढे सरकल्या.

"हंबीरराव, टेबल पाहा. तुम्ही नमुन्याला दिलेल्या अळकुड्या दिसतात का?"

हंबीरराव उठून टेबलाशी गेले. सुरण उचलून खाली पाहिलं. मागळीच्या बरणीतही डोकावले. "नाहीत की! चोर लेकाचा!"

"कच्ची अळकुडी. किसून विड्यात. व्याख्यान संपल्यावर आत जाऊन ती गालात धरली आणि पाटावर येऊन बसताना चावली. चमचा ओठाशी आला, तोवर जीभ पेटली होती. सुरणाचा कणही तोंडात गेला नाही."

सभा वासुदेवरावांकडे पाहू लागली. त्यांनी शांतपणे पाटी पुसली आणि लिहिलं: 'हेतू?' मग खाली: 'पुरावा?' प्रश्नचिन्हं मोठी काढली.

"हेतू तुमच्याच घरात लाख लावून ठेवलाय," कृष्णाजी म्हणाला. "तुम्ही रताळ्यावर अडून होतात. सुरण ठरला तेव्हा पाणी प्यालात. हंबीररावांना ऋतू शिकवायला गेलात. का? लक्ष्मीदेवी, वाईट वाटून घेऊ नका. यांनी काशीला कोणती भाजी सोडली?"

लक्ष्मीदेवींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान हलवली, जोरात, डावीकडून उजवीकडे.

"सुरण," लक्ष्मीदेवी म्हणाल्या.

सभागृहात असा आवाज झाला, जणू सगळ्यांना एकदमच ठसका लागला. जो माणूस वर्षानुवर्षं त्यांना सुरणाचे चौदा गुण सांगत होता, त्याने सुरण कधी चाखलाही नव्हता. तीन वर्षांपासून तर तो त्याला वर्ज्यच होता.

"खाल्ला तर व्रत मोडणार. नाही म्हटलं तर ढोंग उघडं पडणार," कृष्णाजी म्हणाला. "आणि पुरावा. सगुणाबाई, आणा."

सगुणाबाईंनी ताटली आणली. वाफाळती भाजी, वर खोबरं. कृष्णाजीने चमचा भरला. तो त्याने अंगापासून शक्य तितका दूर धरला होता.

"एक घास, वासुदेवराव. गिळलात तर मी म्हटलेलं सगळं मागे घेतो आणि सभेची हात जोडून माफी मागतो. तुमच्या पुढच्या व्याख्यानालाही येतो."

चमचा पुढे सरकला. वासुदेवराव खुर्चीत मागे सरकले. खुर्ची संपली. चमचा ओठांपासून बोटभर उरला, तेव्हा पाटी खाली पडली.

"दूर करा तो!" वासुदेवराव गरजले. "विश्वनाथापुढे पाणी सोडलंय मी! सुरण माझ्या जिभेला लागता कामा नये!"

शब्द न् शब्द खणखणीत होता. मागच्या सतरंजीपर्यंत पोचला.

"बोलता येतंय यांना!" लक्ष्मीदेवी सावकाश म्हणाल्या. "आणि मी दिवसभर पाटी पुसतेय."

वासुदेवरावांनी तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. "मला नुसती खाज हवी होती," ते पुटपुटले. "भाजी नीट शिजलेली नाही, एवढं म्हणून उठायचं होतं. एवढी सुजेल असं वाटलं नव्हतं."

"कंदांवर इतकं बोलता, आणि हे माहीत नव्हतं?"

"मी कच्चे कधी... मी बहुतेक कधी..."

"आणि विष?"

"डॉक्टर आले. माणसं गोळा झाली. सगळे विचारत होते कोणी, कोणी. काहीतरी लिहायला हवं होतं."

"म्हणून बाई लिहिलीत," कृष्णाजी म्हणाला आणि चमचा ताटलीत टाकला.

मग पेंडसे उठले. "ठराव मागे घेण्याचा ठराव मी मांडतो," ते म्हणाले. "त्याला अनुमोदक लागेल." तीन माणसांनी हात वर केले आणि तिघांनीही आपण मुळापासून याच मताचे होतो असं शेजाऱ्याला सांगितलं.

सगुणाबाईंनी ते ऐकलंसं दिसलं नाही. त्या आत गेल्या आणि पातेलं घेऊन दारात आल्या.

"भाजी झालीये," त्या म्हणाल्या. "भात होतोय. पानं मांडू का?"

सभेने एकमेकांकडे पाहिलं. न्याय झाला होता, हे सगळ्यांना मान्य होतं. पण न्याय वेगळा आणि घास वेगळा. पेंडश्यांना आठवलं की आपण संध्याकाळी हलकंच घेतो. एकाला वहाण शोधायची होती. सगुणाबाई पळी धरून उभ्या राहिल्या. सकाळी चिकपेटेत त्या ज्याला भ्याल्या होत्या, ते हेच होतं.

लक्ष्मीदेवी खुर्चीशेजारून उठल्या. ओळीने रचलेल्या पत्रावळींतली वरची काढली, जमिनीवर मांडली आणि तिच्यापुढे बसल्या.

"मला वाढा, सगुणक्का."

"अगं, मी सोडलंय!" वासुदेवराव म्हणाले.

"तुम्ही सोडलंय. मी रामफळ सोडलं. माझ्या आईच्या हातचा सुरण खाऊन मी लहानाची मोठी झाले, तीन वर्षं वासही नाही घेतला." त्यांनी पहिला घास घेतला. अख्खं सभागृह त्यांच्या जबड्याकडे पाहत होतं. त्यांनी सावकाश चावलं, गिळलं आणि पत्रावळ पुढे सरकवली. "आणखी वाढा. लाजू नका."

मग हंबीरराव मांडी घालून बसले, आपला माल कसा आहे ते जगाला दाखवायला. मालनबाई बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या की चव आमसुलाची आहे, पण हे त्यांनी तोंड भरल्यावर म्हटलं. पद्माकर कधी बसला ते कोणी पाहिलं नाही. त्याची पत्रावळ आधीच अर्धी झाली होती. वहाण शोधणाराही परत आला. पंगत भिंतीपर्यंत गेली आणि वळली.

वासुदेवरावांच्या पुढे कोणीतरी उकडलेलं रताळं ठेवलं. त्यांनी ते दोनदा उलटून पाहिलं.

पेंडसे पंगतीच्या कडेकडेने वाट काढत सगुणाबाईंपाशी आले. स्वयंपाकघराची किल्ली त्यांनी काल काढून घेतली होती, ती त्यांच्या तळहातावर होती. सोबत दोन वाक्यं तयार होती, पण ती सुचली तशी बाहेर येईनात.

"सगुणाबाई, ही... म्हणजे मंडळातर्फे..."

"तिथं खुंटीला लावा," सगुणाबाई वाकून वाढता वाढता म्हणाल्या. "माझे हात खरकटे आहेत. आणि बाजूला व्हा स्वल्प, भात येतोय."